वाऱ्याची मर्यादा

१७ नोव्हेंबर

ती. दादास,

नमस्कार. 'ती.' हे हाताच्या सवयीने लिहिलं गेलं, त्यातून काही अर्थ काढू नकोस. इकडे सगळं ठीक. थंडी अजून म्हणावी तशी नाही. माझं ऑफिस चालू आहे, गुडघा बरा आहे, मागच्या दाराचं बिजागर तुटलंय. तिकडे तुम्ही सगळे मजेत असाल असं धरून चालते.

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, कंपनीच्या जाड कागदावर टाइप केलेला मजकूर, वर सोनेरी चिन्ह आणि खाली तीन जणांना प्रत. सात वर्षांनी भावाचं पत्र यावं आणि त्याची प्रत बिल्डरच्या वकिलाला जावी, असं भाग्य फार बहिणींच्या वाट्याला येत नसेल. 'आदरणीय महोदया' वाचल्यावर मी पाकीट उलटं करून पत्ता पाहिला. शेवटी मात्र तुझ्या हाताने, निळ्या शाईत, एक ओळ आहे: 'बाबांना नमस्कार, तब्येत सांभाळायला सांग.' वकिलाच्या प्रतीतही ती ओळ आहे की ती फक्त माझ्यासाठी, एवढं कळव.

बाबांचं पुढे लिहिते.

दोन पानं भरून तू जे मागितलंयस ते घरच्या भाषेत एवढंच आहे. वाऱ्याने तुझी इमारत एका मापापेक्षा जास्त डुलायला लागली की वरच्या लिफ्ट, सामानाचीसकट, आपोआप थांबतात. ते माप मी ठरवलं. ते वाढवलं तर लिफ्ट कमी वेळा थांबतील, वर राहणाऱ्यांची कुरकुर बंद होईल आणि रिकामे फ्लॅट विकले जातील. पण माझ्या सहीशिवाय ते बदलता येत नाही, असं करारात आहे. तेव्हा महोदयांनी सही करावी. 'अतिसावध' हा शब्द तू इतक्यांदा वापरलायस की टाइप करणाऱ्याला त्याचा कंटाळा आला असेल.

ते कलम करारात कसं आलं, हे तू विसरला असशील तर आठवण करून देते. बिल्डरच्या त्या लांब टेबलावर, जिथे पाण्याच्या बाटल्याही रांगेत उभ्या असायच्या, मी सांगितलं होतं की सामानाची लिफ्ट तळापासून शेंड्यापर्यंत एकच ठेवू नका. चाळीसाव्या मजल्यावर तिचे दोन भाग करा, प्रवाशांच्या लिफ्टचे केलेत तसे. दोर आखूड राहतील, आणि वाऱ्यात प्रवाशांच्या वरच्या वेगवान लिफ्ट थांबल्या तरी ही हळू चालणारी चालू राहील. त्यासाठी चाळीसाव्यावर मशीनला एक खोली हवी होती. तू बिल्डरकडे पाहिलंस, बिल्डरने नकाशाकडे पाहिलं, आणि ती खोली पोहण्याच्या तलावाला गेली. मग तू हसत म्हणालास, "आमच्या धाकटीला लहानपणी पाळण्यातही चक्कर यायची." सगळे हसले. बिल्डरचा वकील तर जरा जास्तच हसला. मी लिफ्ट थांबवायचं माप आणि ते बदलायचा अधिकार या दोन गोष्टी लिहून घेतल्या आणि घरी आले. त्यानंतर आपण बोललो नाही.

तलाव छान झालाय. वाऱ्याच्या दिवशी पाणी काठावरून बाहेर येतं, म्हणून तो आधीच रिकामा करावा लागतो. म्हणजे वारा असला की तलावात पाणी नाही आणि लिफ्टही नाही. चाळीसाव्या मजल्यावरची ती जागा दोन्ही कामांतून गेली.

तुझी इमारत मी नीट पाहिली आहे, बिल्डरच्या जाहिरातीतल्यासारखी खालून मान वर करून नाही, आतून. दरवाज्यात शिरलं की कसलासा वास फवारतात, महागड्या दुकानातल्या कागदी पिशवीला येतो तसा. भिंतीला संगमरवर, संगमरवराला दिवे, आणि दिव्यांखाली एक माणूस, ज्याचं काम फक्त 'वेलकम' म्हणण्याचं. वर जायला एक लिफ्ट, चाळीसाव्यावर उतरून दुसरी. तिथे पांढरे सोफे मांडलेत. त्यांवर कोणी बसत नाही, कारण तिथे बसलेला माणूस लिफ्टची वाट बघतोय हे दिसतं, आणि एवढे पैसे मोजलेल्या माणसाला वाट बघताना दिसायचं नसतं. वरच्या मजल्यांवर वारा असला की संडासातलं पाणी हलतं, झुंबरं हलतात, आणि बायका एकमेकींना 'आज जरा पित्त झालंय' असं सांगतात. डुलण्याने मळमळतं हे कोणी कबूल करत नाही. इमारत सडपातळ ठेवलीस म्हणून तुला पदक मिळालं. तिची किंमत ही माणसं उलट्या करून चुकवतात आणि वर तुझा फोटो दिवाणखान्यात लावतात.

एक मान्य करते, कारण मी तुझ्यासारखी नाही. हिशेब तुझा चोख आहे. शेंड्यावर टांगलेला तो लोखंडाचा लोलक इमारत एकीकडे कलली की दुसरीकडे जातो आणि तिला सावरतो. सप्टेंबरच्या वादळात तो तू सांगितलं होतंस तसाच वागला. काचसुद्धा तडकली नाही. तुझी इमारत पडली नाही, दादा. अभिनंदन.

आता बाबांचं.

मी तुला सप्टेंबरात मेसेज केला होता की बाबांच्या हाताला मुंग्या येतात, काही दिवस माझ्याकडे आणलंय. त्यावर तू अंगठा पाठवलास. पुढे रविवारी बाबांच्या फोनवर तुझा फोन आला की मी उचलायचे नाही, 'झोपलेत' असं लिहायचे, आणि तू पुन्हा अंगठा पाठवायचास. आठ-नऊ रविवार बाबा तुझ्या फोनच्या वेळेला झोपलेलेच आहेत, याचं तुला काहीच वाटलं नाही. तुला सांगायचं मी टाळत होते हे खरं. पण तूही मला ते फार सोपं करून दिलंस.

बाबांना तो फ्लॅट तू दिलास तेव्हा मी त्यांना नको म्हटलं होतं. आयुष्यभर चष्म्याच्या दुकानात काचा घासलेला माणूस, रस्त्यावर चार ओळखीचे भेटले नाहीत तर त्याला जेवण जात नाही, त्याला एकाहत्तराव्या मजल्यावर ठेवायचं म्हणजे फुलदाणीत ठेवण्यासारखं. मी चुकले. बाबा तिथे खूश होते. दुकानातली जुनी दुर्बीण घेऊन खिडकीशी बसायचे, खाली त्यांच्या दुकानाचं छप्पर शोधून काढलं होतं. कोणी आलं की त्याच्या हातात दुर्बीण द्यायचे. लिफ्टमध्ये जो भेटेल त्याला सांगायचे, ही माझ्या मुलाने उभी केलीय. सामान पोचवायला आलेल्यांनाही सांगायचे. मी सोबत असले तर पुढे, "आणि ही माझी मुलगी, लिफ्टचं बघते," म्हणायचे. जणू मी बटण दाबायला उभी असते.

वादळाच्या दुपारी समोरच्या फ्लॅटमधल्या नर्सबाईंचा मला फोन आला. त्या निवृत्त आहेत, तुटक बोलतात, आणि त्या अख्ख्या मजल्यावर शहाणं माणूस तेवढं एकच. बाबा त्यांच्याकडे चहाला गेले होते. कप उचलताना हातातून सुटला, तोंड एका बाजूला ओढलं गेलं, शब्द जड झाले. नर्सबाईंनी लगेच ओळखलं. अॅम्ब्युलन्स बोलावली होती, ती निघालीही होती. त्या म्हणाल्या, याला ठरावीक वेळेत इंजेक्शन मिळालं तर माणूस पुन्हा चालतो-बोलतो, उशीर झाला तर नाही. तेव्हा लिफ्टचं बघा.

लिफ्ट थांबलेल्या होत्या. माझ्या मापाने.

मी ऑफिसातून निघून गाडीत बसले. रस्त्यात झाडं पडलेली, गाड्या अडकलेल्या. तेवढ्यात कंट्रोल रूमच्या सुपरवायझरचा फोन आला. भला माणूस आहे, घाबरला होता. म्हणाला, स्ट्रेचर फक्त सामानाच्या लिफ्टमध्ये मावतं, ती रिकामी उभी आहे, तुम्ही परवानगी दिलीत तर कुलूप काढून हळूहळू खाली आणतो. वादळामुळे तो वरच्या मजल्यांवर फिरत होता आणि आता नर्सबाईंच्या दारातच उभा होता. आणि मला ऐकू जावं म्हणून त्याने फोन स्पीकरवर टाकला होता.

मी आकडे विचारले. वारा किती, डुलणं किती. त्याने सांगितले.

तुला इमारत कळते, दोर कळत नाहीत, म्हणून सांगते. एवढ्या उंच लिफ्टचा दोर इमारतीबरोबर झुलतो. लिफ्ट खाली-वर जाते तशी दोराची लांबी बदलते, आणि एका विशिष्ट लांबीला त्याचा झोका इमारतीच्या झोक्याशी जुळतो. मग प्रत्येक हेलकाव्याला त्याला आणखी एक धक्का मिळतो, पोराला पाळण्यात कोणी मागून ढकलत राहावं तसा. दोर शाफ्टच्या भिंतीवर आपटतो, कुठल्याशा लोखंडात अडकतो, आणि लिफ्ट चालूच असते. एकाहत्तरपासून खाली येताना ती लांबी वाटेत लागणारच होती. आत बाबा असते, नर्सबाई असत्या, सुपरवायझर असता.

तो म्हणाला, "मॅडम, तुमचे वडील आहेत."

मी म्हटलं, "माहीत आहे. लिफ्ट हलवायची नाही. जिन्याने आणा."

अॅम्ब्युलन्सची माणसं चाळीसाव्यापर्यंत लिफ्टने आली, कारण तिथवरचे दोर आखूड, ते चालतात. तिथून वर जिना. चढून गेली, बाबांना खुर्चीला बांधलं आणि उतरवलं. तिथला जिना किती अरुंद आहे हे तुला सांगायला नको. तीही जागा कुणाच्या तरी दिवाणखान्यात गेलीय. वळणावळणावर खुर्ची तिरपी करावी लागत होती. जिन्यात वरून पळत सुटलेली माणसं होती, आणि त्यातला एकजण अॅम्ब्युलन्सवाल्यांना म्हणाला की आमच्या वाटेत येऊ नका. नर्सबाई त्याला काय बोलल्या ते लिहिण्यासारखं नाही.

मी खाली पोचले तेव्हा बाबांना गाडीत चढवत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी हात धरला, तो डावा होता, त्यात जीव होता.

हॉस्पिटलमध्ये तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी सगळं तपासलं, घड्याळ पाहिलं आणि इंजेक्शन आता देता येणार नाही असं सांगितलं. उशीर का झाला हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

बाबांची उजवी बाजू गेली. बोलणं गेलं. मुंग्या नाहीत, दादा. मुंग्या मी रचून सांगितल्या.

वादळानंतर शाफ्टची तपासणी झाली, ती तू वाचली आहेस, कारण तुझ्या पत्रात तिचा दाखला आहे. प्रवाशांच्या एका लिफ्टचे दोर ती थांबेपर्यंत भिंतीवर घासले होते, भिंतीतली एक लोखंडी पट्टी उपटून निघाली होती. आणि मग तुझं वाक्य: 'सामानाच्या लिफ्टच्या शाफ्टमध्ये कोणतीही खूण आढळली नाही, यावरून सदर मर्यादा अतिसावध असल्याचे सिद्ध होते.'

हे वाक्य वाचून मी स्वयंपाकघरात गेले आणि उगाचच ओटा पुसत बसले. तुला कळतंय का तू काय लिहिलंयस? तुझ्या लेखी ते फ्लॅट विकण्याबद्दल आहे. माझ्या लेखी त्याचा अर्थ असा की बाबा त्या लिफ्टने सुखरूप खाली आले असते, वेळेत पोचले असते, आज चालत-बोलत असते, आणि मी त्यांना वर अडकवून ठेवलं. आणि या मजकुराखाली तुला माझी सही हवी आहे.

तेव्हा मला माझ्याच 'नाही'चा भरवसा वाटेना. माप बरोबर आहे म्हणून मी नाही म्हणतेय, की हो म्हटलं तर त्या दुपारी चुकले असं ठरेल म्हणून? तुला असले प्रश्न पडत नाहीत, तू पदकं घेतोस. मी सगळा हिशेब पुन्हा मांडला. त्या दिवसाच्या वाऱ्याचे आकडे मागवले आणि दुसऱ्या कंपनीतल्या एका बाईंना दिले. आमचं फारसं पटत नाही, म्हणून त्यांनाच. लिफ्टमध्ये कोण बसणार होतं ते त्यांना सांगितलं नाही.

त्यांचं उत्तर आलं. खूण नाही याचं कारण लिफ्ट उभी होती. चालली असती तर दोराची लांबी बदलली असती, आणि मग काय झालं असतं ते वाऱ्याच्या पुढच्या काही झोतांवर होतं. कदाचित खाली आली असती. कदाचित मध्येच अडकली असती. त्या म्हणाल्या, त्या असत्या तर त्यांनी ती हलवली नसती. मग म्हणाल्या, पण मी तिथे नव्हते.

म्हणजे तुला हवं तेही सिद्ध होत नाही आणि मला हवं तेही नाही. पण ज्या लिफ्टबद्दल 'कदाचित' म्हणावं लागतं तिच्यात मी माणूस बसवत नाही. सही मिळणार नाही. बिल्डरला सांग, वकिलाला सांग, तिसरी प्रत कुणाला आहे ते माहीत नाही, त्यालाही सांग. सामानाच्या लिफ्टचे दोन भाग करा, तलाव बुजवून मशीन बसवा, मग मला बोलवा, त्या दिवशी सही करते. फ्लॅट रिकामे राहिले तर राहू देत. रिकाम्या फ्लॅटमध्ये कोणी आजारी पडत नाही.

एक राहिलं. हे लिहू नये असं ठरवलं होतं, कारण यात तुझा मोठेपणा आहे आणि तो माझ्या हातून लिहून द्यायची मला इच्छा नव्हती.

फोन स्पीकरवर होता असं मी म्हटलं. बाबा तिथेच आडवे होते, शुद्धीवर. माझं 'जिन्याने आणा' त्यांनी ऐकलं. नर्सबाईंनी मला हे नंतर, मी खोदून विचारलं तेव्हा सांगितलं. बाबा जड जिभेने, पण समजेल असं म्हणाले, "दादाला विचारा."

माझा फोन ठेवल्यावर सुपरवायझरने तुझा नंबर लावला. दोनदा लावला. त्या दिवशी तुझ्या फोनवर इकडचा एक अनोळखी नंबर आला असेल, बघ. तू उचलला नाहीस. कामात असशील, विमानात असशील, की अनोळखी नंबर उचलायचाच नाही असा तुझा नियम असेल, मला ठाऊक नाही. त्याबद्दल तुला दोष देत नाही. दोष द्यायला माझ्याकडे तुझ्या इतर गोष्टी भरपूर आहेत.

पण तू उचलला असतास तर हो म्हणाला असतास. हे मला माहीत आहे, तुलाही माहीत आहे. एका क्षणात, आकडे न विचारता, 'आणा खाली' म्हणाला असतास. आणि ते खाली आले असते तर आज बाबा तुझ्याशी दर रविवारी बोलले असते आणि मी जन्मभराची भित्री ठरले असते. किंवा ते खाली आलेच नसते. यातलं काय झालं असतं हे आपल्या दोघांनाही कधी कळणार नाही. तरीही बाबांनी तुझ्यावर भरवसा टाकला. मी त्या इमारतीच्या शेजारच्या गल्लीत राहते, औषधं आणते, नखं कापते. भरवसा तुझ्यावर.

डॉक्टरीणबाई म्हणतात बोलणं हळूहळू येईल, थोडं तरी. शिकवणाऱ्या बाई रोज सकाळी येतात. चित्रं दाखवतात, कप, खुर्ची, झाड. बाबा चित्राकडे बघतात, घाम येईपर्यंत प्रयत्न करतात, आणि प्रत्येक चित्राला एकच शब्द बाहेर पडतो. दादा. कप दादा, खुर्ची दादा, झाड दादा. बाई म्हणाल्या, असं होतं, एखादाच शब्द शिल्लक राहतो, त्याचा अर्थ लावू नका. त्यांचं बरोबर असेल.

पाणी हवं असलं की मला तीच हाक मारतात. पहिले काही दिवस मी चूक दुरुस्त करायचे. मी दादा नाही, बाबा, मी आहे. त्यांना कळायचं, चेहरा पडायचा, पुन्हा प्रयत्न करायचे आणि पुन्हा तेच. आता मी दुरुस्त करत नाही. 'ओ' देते आणि पाणी नेऊन देते.

ये. बिल्डरचं तिकीट घेऊन नको, स्वतःहून ये. माझं घर तळमजल्यावर आहे. मला तुझ्याकडून क्षमा नको आणि मी तुला ती देणारही नाही. फक्त एकदा त्यांच्या समोर बस आणि त्यांनी हाक मारली की तू ओ दे.

तोवर हे काम माझ्याकडे आहे.

तुझी बहीण
(बाबा सध्या मला ज्या नावाने हाक मारतात, त्या नावाने सही करवत नाही.)